नऊ दिवसांचा संसार

आषाढात नव्या सुनेने सासरी राहू नये, सासू-सुनेने एकच उंबरा ओलांडू नये, हा नियम काही तुंगाबाईंनी केलेला नव्हता. तो म्हैसूरकडचाच. चार पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांनी जसा इथला सारू-भात उचलला, बोलण्यात ‘अय्यो’ आणि उगीचच्या जागी ‘सुम्ने’ उचललं, तसाच हा नियमही उचलला. आणि उसनी आणलेली वस्तू घरच्या वस्तूपेक्षा जास्त जपायची, ही आपल्या लोकांची जुनी खोड. शेजारच्या कन्नड घरांतल्या सुना हल्ली आषाढात चार दिवस माहेरी जातात, एक साडी घेतात आणि हसत परत येतात. तुंगाबाईंकडे मात्र महिना म्हणजे महिना. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती, तिच्या हिशेबात ‘साधारण’ नावाचा आकडाच नव्हता.

तर गोष्ट दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. तुंगाबाईंचा एकुलता एक मुलगा संकर्षण कॅनडात नोकरीला. तिकडे त्याला कायमचा रहिवास, ज्याला सगळे पीआर म्हणतात, तो मिळालेला. सहा आठवड्यांची रजा काढून तो लग्नाला आला. मुलगी म्हैसूरच्याच गोकुलम भागातली, पावनी. शिकलेली, नोकरी करणारी, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरून लग्न लागलं. तुंगाबाईंच्या सरस्वतीपुरमच्या घरात जोडपं नऊ दिवस नांदलं आणि दहाव्या दिवशी आषाढ लागला.

तुंगाबाईंचे यजमान वेंकटेशराव तेव्हा होते. ते म्हणाले, “अगं, पोरगा चार आठवड्यांत परत जाणार. या वर्षी सुम्ने राहू दे की. गोकुलम काय, पाच किलोमीटर. देवाला तरी कळणार आहे का कोण कुठल्या घरात झोपलंय ते?” तुंगाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. वेंकटेशराव पेपर उचलून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्या घरातले वाद असेच मिटायचे.

पावनी माहेरी गेली. आषाढ संपायला दोन दिवस उरले होते, तेव्हा संकर्षणचं विमान सुटलं. सून परत आली ती नवरा नसलेल्या घरात. पुढे श्रावणात वेंकटेशराव गेले. सकाळी अंघोळ करून बाहेर आले, छातीत कसंसं होतंय म्हणाले, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. संकर्षण धावत आला, बापाचे दिवस केले आणि चौदाव्या दिवशी परत गेला. त्यानंतर त्याला यायला जमलंच नाही. आधीच्या कंपनीने माणसं काढली, नव्या नोकरीत वर्षभर रजेचं नाव काढायची सोय नव्हती. बापाचं वर्षश्राद्धसुद्धा त्याने तिकडच्याच एका मठात केलं.

बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज मात्र त्याने लगेच घातला होता. तो भरायला तुंगाबाई स्वतः पावनीच्या शेजारी बसल्या होत्या. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कुठे राहिलात, असा एक रकाना होता. पावनीने सरस्वतीपुरमचा पत्ता लिहिला, तर तुंगाबाई म्हणाल्या, “मधला महिना? तो गोकुलमचा लिही. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही.” पावनी क्षणभर थांबली आणि तिने तारखेनिशी तसं लिहिलं.

सगळे म्हणाले होते, वर्षाच्या आत काम होतं. कधीही बोलावणं येईल म्हणून पावनीने नोकरी सोडली. दोन मोठ्या बॅगा आणल्या. तुंगाबाईंनी चटणीपूड केली, मेतकूट केलं, लिंबाचं लोणचं घातलं. वर्ष उलटलं, बोलावणं नाही. चटणीपूड जुनी होते म्हणून घरातच खाल्ली आणि नवी केली. तीही खाल्ली. तिसऱ्यांदा कुटायला घेतली तेव्हा पावनी म्हणाली, “अत्ते, या वेळी थोडीच करा.” इकडे सासूला अत्तेच म्हणतात. मेडिकल तपासणीची मुदत संपली, म्हणून पुन्हा बंगळूरला जाऊन छातीचा फोटो आणि रक्त. पोलिसांचा दाखला जुना झाला, म्हणून पुन्हा रांग. मधे नवऱ्याला नुसतं भेटून तरी यावं म्हणून तिने साध्या व्हिसाचा अर्ज केला, तर तो नाकारला. कारण काय, तर तुम्ही मायदेशी परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही.

“आणि मोठा अर्ज कशात अडलाय?” तुंगाबाईंनी विचारलं होतं.

“विचाराधीन आहे म्हणतात.”

“म्हणजे ही परत येणार नाही असंही वाटतं, आणि हिला जाऊ द्यायलाही मन होत नाही. शाबास!”

रोज सकाळी पूजा आटोपली की पावनी लॅपटॉप उघडायची. स्वयंपाकघरातून तुंगाबाई विचारायच्या, “आलं का काही?” “नाही अत्ते.” “बरं. कुकर लाव.” दोन वर्षं हेच बोलणं. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे संकर्षणच्या सकाळी, पावनी फोन घेऊन मागच्या अंगणात जायची. तेव्हा तुंगाबाई मुद्दाम पुढच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या, पोरीला मोकळं बोलता यावं म्हणून. अर्ध्या तासाने ती चूळ भरून, तोंड धुऊन आत यायची. संध्याकाळी रोज तोंड कशाला धुवावं लागतं, हे न कळण्याइतक्या तुंगाबाई दुधखुळ्या नव्हत्या. त्यांचा जीव तुटायचा. पण तोंडाने म्हणायच्या, “डोळ्यात धूळ गेली वाटतं. अंगण नीट झाडत नाही ती बाई.”

बाहेर लोक बोलायचेच. दुधाच्या बूथवर शेजारची सिंधू एकदा चारचौघींत म्हणाली, “काय की तुंगाबाई, सून अजून इथेच? सगळं बरं आहे ना त्या दोघांचं?”

“अगदी बरं आहे,” तुंगाबाई म्हणाल्या. “तुझी सून आठवड्यातून एकदा फोन करते, माझी रोज दोनदा कॉफी देते. अदलाबदल करायची का?” बायका हसल्या, सिंधूचं तोंड एवढंसं झालं. पण घरी येईपर्यंत तुंगाबाईंच्या हातातली दुधाची पिशवी जड झाली होती. सगळं बरं आहे ना, हा प्रश्न काही सिंधूने एकटीने काढलेला नव्हता.

आणि या ज्येष्ठात तोच प्रश्न कॅनडाहून आला, तोही शिक्क्यानिशी.

पावनीने लॅपटॉप उघडला आणि रोजचं ‘नाही अत्ते’ आलंच नाही. तुंगाबाई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. “आलं?”

“आलं. पण ते नाही.”

तिने पत्र वाचून, एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. तुमचा विवाह खरा आहे, केवळ आमच्या देशात राहायला मिळावं म्हणून केलेला नाही, याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही. लग्नानंतर नऊ दिवसांत पत्नी पतीचं घर सोडून गेली. पती चार आठवडे त्याच शहरात असूनही ती परत आली नाही. त्या काळात दोघं एकत्र असल्याचा एकही पुरावा अर्जात नाही. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

“सोडून गेली?” तुंगाबाईंचा आवाज चढला. “सोडून कुठे गेली? मी पाठवली की तिला! आषाढ होता! अय्यो, यांना पंचांग म्हणून काही ठाऊक आहे की नाही?”

“त्यांना कसं ठाऊक असणार, अत्ते.”

“आणि मग तो आला होता ना, त्याचे अप्पा गेल्यावर? चौदा दिवस होता. ते नाही धरलं?”

“त्याचा पुरावा काय? विमानाचं तिकीट आहे. फोटो नाही एकही.”

“सुतकात कोण फोटो काढतं!” तुंगाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. लाटणं हातातच राहिलं. आत तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, तेव्हा पावनी उठून गॅस बंद करून आली.

संकर्षणने तिकडे एक सल्लागार धरला होता, हर्ष नावाचा. मूळचा इकडचाच, मंड्याचा. दुसऱ्या दिवशी तो फोनच्या पडद्यावर आला. पोरगा सरळ होता, गोड बोलून वेळ काढणारा नव्हता.

“बघा अम्मा,” तो कन्नडमध्ये म्हणाला, “अधिकाऱ्याला दिसतंय काय? नऊ दिवसांचा संसार. मग बायको माहेरी. मग दोन वर्षं फोन. फोन कुणीही करू शकतं. तुमच्या रूढीबद्दल तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, नोटरी करून. पण नुसती रूढी आहे असं लिहू नका. नेटवर शोधलं तर त्यालाही कळेल की आजकाल पुष्कळ घरांत ती पाळत नाहीत. मुलगा चारच आठवडे होता, तरी तुम्ही सूट का दिली नाही, ते स्पष्ट लिहा. आणि पावनी, त्या महिन्यात तुम्ही दोघं कुठे भेटला असाल, देवळात, हॉटेलात, कुठेही, तर तेवढे फोटो द्या. शंभर प्रतिज्ञापत्रांपेक्षा ते बरे.”

“तसं काही नाही,” पावनी म्हणाली. फारच चटकन म्हणाली.

“एकही नाही?”

“नाही.”

“मग सगळा भार अम्मांच्या पत्रावर आहे,” हर्ष म्हणाला. “एकदा नाकारलं की पुन्हा पहिल्यापासून. आणखी दोन वर्षं धरून चाला.”

आणखी दोन वर्षं. तुंगाबाईंनी मनात बेरीज केली. पावनी तेव्हा तिशीला टेकलेली असेल. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपण नेमाने वागलो, खरं लिहिलं, आणि त्याच खऱ्याने पोरीचा गळा धरला. एवढं आयुष्य काढलं, पण नेम पाळल्याची अशी शिक्षा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, झाकपाक झाल्यावर, दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. तुंगाबाई मराठीत सांगणार आणि पावनी इंग्लिशमध्ये उतरवणार, असं ठरलं. तुंगाबाईंनी चष्मा लावला, पदर सारखा केला आणि फळ्यापुढे उभं राहिल्यासारखी सुरुवात केली.

“मी तुंगाबाई, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, असं सांगते की आमच्या भागात अशी रूढी आहे, की आषाढ महिन्यात नवविवाहित वधूने सासरी राहू नये. झालं?”

“झालं.”

“त्या रूढीला धरून मी माझ्या सुनेस तिच्या माहेरी पाठवलं. ती आपणहून गेली नाही. तिचं व माझ्या मुलाचं काहीही बिनसलेलं नव्हतं. झालं?”

“झालं. आता ते, सूट का दिली नाही ते.”

तुंगाबाईंनी टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली. “लिही की, आमच्या घरात नियम कडक असतात.” पावनीने लिहिलं. “नको, खोड ते. लिही, की मोठ्या माणसांनी सांगितलं होतं.” पावनीने मान वर केली. घरातलं मोठं माणूस तुंगाबाईच होत्या. “खोड तेही,” तुंगाबाई म्हणाल्या.

बाहेरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. तुंगाबाई ती लांब जाईपर्यंत ऐकत बसल्या. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. आता पाठ फिरवून जाणार कुठे?

“लिही,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज शाळेतल्या बाईंचा नव्हता. “माझ्या यजमानांनी सांगितलं होतं, या वर्षी राहू दे. भटजींना विचारलं असतं तर त्यांनीही काहीतरी वाट काढून दिली असती. मी विचारलंच नाही. मुद्दाम विचारलं नाही. पाच वर्षांनी पोरगा घरी आला होता. लग्न होऊन नऊ दिवस झाले, आणि त्या नऊ दिवसांत त्याने मला एकदा नीट हाक मारली नव्हती. सारखं आपलं पावनी कुठेय, पावनी जेवली का. आषाढ लागला तेव्हा मला बरं वाटलं. चार आठवडे माझ्या पुढ्यात जेवेल, माझ्याशी बोलेल, असं वाटलं. शास्त्र-बिस्त्र काही नव्हतं ते, पावनी. हावरटपणा होता म्हातारीचा. घाल हे इंग्लिशमध्ये.”

पावनीची बोटं केव्हाच थांबली होती. तिने लॅपटॉप अर्धवट मिटला, आणि तुंगाबाईंना वाटलं, आता ही उठून जाईल. जावं तिने. दोन वर्षं वाट बघायला लावली, तिने चार शब्द सुनावले तर ऐकून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं.

“अत्ते,” पावनी खाली बघत म्हणाली, “तो तुमच्या पुढ्यात नव्हता हो.”

“म्हणजे?”

“तो रोज संध्याकाळी मामंजींच्या गोळ्या आणायला जायचा ना?”

“जायचा. दोन-दोन तास लागायचे. मी म्हणायची, म्हैसूरभर एकच औषधाचं दुकान आहे की काय.”

“तो गोकुलमला यायचा. मला भेटायला. घरी नाही, माझ्या अम्मालाही ठाऊक नव्हतं. ते योगवाले परदेशी लोक असतात ना, ते ज्या हॉटेलांत बसतात, तिथे. सरस्वतीपुरमचं कुणी तिकडे फिरकत नाही म्हणून. एकदा बेट्टदपुरच्या डोंगरावर पण गेलो होतो, सकाळी जाऊन दुपारी आलो. तुम्हाला सांगितलं होतं मित्राकडे जातोय म्हणून.” ती एका दमात बोलली आणि मग श्वास घेतला. “फोटो आहेत. वीस-बावीस आहेत. तारखेसकट.”

तुंगाबाईंना काही क्षण बेरीजच जमेना. “फोटो आहेत? मग अर्जाला लावले का नाहीत? काल तो हर्ष विचारत होता, तेव्हा नाही का म्हणालीस? अगं, आयुष्याचा प्रश्न आहे तुझ्या! माझी एवढी भीती? कॅनडा सरकारपेक्षा माझी भीती?”

“आधी भीतीच होती. अर्ज भरताना तुम्ही शेजारी बसला होता. कसं लावणार?” पावनीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि या खेपेला ती तोंड धुवायला उठली नाही. “पण नंतर भीती नव्हती, अत्ते. नंतर मामंजी गेले. आषाढ मोडला आम्ही, आणि श्रावणात ते गेले. मी संकर्षणला म्हणाले, आपल्यामुळे झालं का? तो म्हणाला, असलं काही नसतं. पण तोही रडत होता. मग आम्ही ठरवलं, तुम्हाला हे कधी कळू द्यायचं नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही हाच अर्थ काढणार, आणि जन्मभर काढत बसणार. नाही मिळाला पीआर तर नाही मिळाला.”

मनात पाल चुकचुकते म्हणतात, ती तुंगाबाईंच्या मनात चुकचुकली. खोटं कशाला सांगा. पंचांगावर हयात काढलेली बाई. आषाढ मोडला आणि घरचा कर्ता गेला, ही बेरीज त्यांच्या डोक्यात आपोआप मांडली गेली, खाली रेघही मारली गेली. नवऱ्याचा तो सकाळचा चेहरा डोळ्यांपुढे आला. एक क्षणभर त्यांना समोरच्या पोरीचा भयंकर राग आला.

पण समोर पोरगी बसली होती. हीच बेरीज तिने दोन वर्षं एकटीने उरावर वागवली होती. याच घरात, आपल्याच हाताखाली, रोज कॉफी करत, कुकर लावत. आणि एक शब्द बोलली असती तर केव्हाच नवऱ्याकडे गेली असती.

“दाखव,” तुंगाबाई म्हणाल्या.

“कशाला, अत्ते.”

“दाखव म्हणते ना.”

पावनीने फोन पुढे केला. तुंगाबाई एकेक फोटो सरकवू लागल्या. संकर्षण आणि पावनी एका हॉटेलात, मागे गोऱ्या पोरी गाद्यांच्या गुंडाळ्या घेऊन बसलेल्या. दोघं डोंगराच्या पायऱ्यांवर, घामाघूम. दोघं स्कूटरवर. पोरगा असा हसत होता की घरात तसा हसलेला त्यांना आठवेना. आणि मग एक फोटो आला आणि तुंगाबाईंचं बोट थांबलं.

शहाळ्यांची गाडी होती. गाडीपुढे तिघं उभी. मधे वेंकटेशराव. निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात शहाळं, तोंडात नळी, डोळे हसून बारीक झालेले. एक हात पोराच्या खांद्यावर, एक सुनेच्या.

“हे कधी?”

“पाच जुलै. एका रशियन बाईने काढला. मामंजी तीनदा आले होते. पहिल्या दिवशी त्यांनीच संकर्षणला स्कूटरची किल्ली दिली. म्हणाले, गोळ्या आण, आणि गोकुलमचं दुकान चांगलं आहे.” पावनी रडता रडता हसली. “मी विचारलं, अत्तेंना कळलं तर? तर म्हणाले, कळलं तर ती मलाच आषाढात माहेरी पाठवेल.”

तुंगाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की रडण्याचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकेचाळीस वर्षं संसार केला या माणसाशी. वाद घालायला कधी उभा राहिला नाही, पेपर घेऊन कट्ट्यावर जायचा, आणि त्यांना वाटायचं आपण जिंकलो. “लबाड मनुष्य,” त्या म्हणाल्या. “पक्का लबाड. आणि घरी येऊन पोटभर जेवायचाही!” पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ बसून राहिल्या. पावनी उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, पण हात लावायचं धाडस तिला होईना.

शेवटी तुंगाबाईंनीच मागे हात करून तिचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या खुर्चीत ओढून बसवलं.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “पोस्टमॉर्टेम करून डॉक्टर काय म्हणाले होते ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. तीन शिरा बंद होत्या. किती वर्षांपासून होत असतील, देव जाणे. शिरा काय पंचांग बघून बंद होतात? तुमच्यामुळे काही झालं नाही. मी सांगते, तुंगाबाई सांगते. आणि आज रात्री त्यालाही हेच सांगायचं, माझ्या देखत.”

“तुम्हाला खरंच तसं वाटतं, अत्ते?”

तुंगाबाईंच्या मनातली पाल अजून पुरती गप्प झाली नव्हती. ती कदाचित कधीच होणार नाही, हेही त्यांना कळत होतं. पण त्यांनी फोनकडे पाहिलं. त्या माणसाच्या हातात शहाळं होतं, दोन्ही बाजूंना पोरं होती. मरायच्या आधी महिना-दीड महिना तो इतका खूश होता, आणि ते आपल्याला आज कळत होतं.

“वाटतं,” त्या म्हणाल्या. “आता उघड ते मशीन. सगळे फोटो लाव. आणि हा सगळ्यांत वर.”

“हा नको, अत्ते. बाकीचे पुष्कळ आहेत. मामंजींचा कशाला परक्यांच्या हातात.”

“बाकीच्यांत तुम्ही दोघंच आहात. पळून गेलेलीही फोटो काढतात. यात घरचं वडील माणूस आहे.” तुंगाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “आणि ते पत्र पहिल्यापासून लिही. मी सांगते तसं.”

पावनीने लॅपटॉप उघडला.

“माझ्या सुनेला मी घरातून पाठवलं,” तुंगाबाई सावकाश सांगू लागल्या. “ती आपणहून गेली नाही. माझा मुलगा तिला रोज भेटत होता. माझे यजमान वेंकटेशराव त्यांना भेटवत होते. सोबतच्या पहिल्या फोटोत मधे उभे आहेत ते. आता ते नाहीत. हे सगळं मला आज कळलं. त्यांनी बरोबर केलं. मी चुकले.”

पावनीची बोटं थबकली. “अत्ते, ‘मी चुकले’ कशाला? त्यांना त्याची काही गरज नाही.”

“त्यांना नसेल गं,” तुंगाबाई म्हणाल्या. “तू लिही.”